स्पाइक गार्ड आहे, पण प्रिंटर पलीकडच्या भिंतीला

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात पुरवणीत वादळात घरचा कॉम्प्युटर कसा सांभाळायचा यावर लेख होता, वाचला, चांगलाय, पण एक चांगला स्पाइक गार्ड (विजेची अचानक उसळी अडवणारा बोर्ड) घ्या आणि निश्चिंत व्हा असं त्यात जे लिहिलंय ना तिथे मी अडले. आणि त्याहून जास्त अडले सोबतच्या चित्रापाशी. कॉम्प्युटर, मॉनिटर, स्पीकर सगळं छान एका स्पाइक गार्डवर, आणि प्रिंटरची वायर मात्र मागून फिरून पलीकडच्या भिंतीच्या सॉकेटमध्ये. राउटर तर चित्रात नाहीच. माझ्याकडे सेम असंच होतं, म्हणून लिहायला बसले.

मी घरून टायपिंग आणि पानं लावायचं काम करते, दिवसभर कॉम्प्युटर चालू. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी विजा सुरू झाल्या तसा मी कॉम्प्युटर बंद केला, स्पाइक गार्डचं बटणही बंद केलं, आणि वर स्वतःलाच शाबासकी दिली. रात्री जवळच कुठेतरी जोरात पडली. सकाळी कॉम्प्युटर मस्त चालू झाला, म्हणलं वाचलो, पण नेट येईना आणि प्रिंटर कॉम्प्युटरला सापडेना. राउटरवरचे दिवे लागलेले, पण केबल खोचली की त्या खाचेजवळ जो चिमुकला हिरवा दिवा लुकलुकतो तो काही केल्या लागेना. शेवटी कळलं की कॉम्प्युटरचा लॅन पोर्ट, म्हणजे नेटची केबल खोचायची खाच गेली, राउटरचा तोच एक पोर्ट गेला आणि प्रिंटरचा यूएसबी पोर्ट गेला. प्रिंटर झेरॉक्स काढून देत होता, कॉम्प्युटरशी मात्र अबोला.

म्हणजे झालं काय, की मी पुढचं दार लावलं आणि मागची दोन उघडी ठेवली. राउटरला बाहेरून तांब्याची केबल येत होती, ती काही मी काढली नव्हती. आणि प्रिंटर दुसऱ्या सॉकेटवर, त्याला स्पाइक गार्ड नाही, पण यूएसबीच्या वायरने तो कॉम्प्युटरला बांधलेलाच. वीज जवळ पडली की एका सॉकेटची अर्थिंग (जादा वीज जमिनीत नेणारी वायर) आणि दुसऱ्या सॉकेटची अर्थिंग यांच्यात क्षणभर प्रचंड व्होल्टेजचा फरक पडू शकतो, आणि तो फरक मिटवायला करंटला जी वायर सापडेल तिच्यातून तो जातो. इथे सापडली यूएसबीची, जी बिचारी ५ व्होल्टसाठी बनवलेली असते. त्यामुळे नुसतं कॉम्प्युटरला स्पाइक गार्ड आहे याला फारसा अर्थ नाही, डेटा केबलने जे जे एकमेकांना जोडलंय ते सगळं एकाच बोर्डावर पाहिजे, म्हणजे मग व्होल्टेज वर जायचं तर सगळ्यांचं एकदम वर जातं आणि आपसात फरक उरत नाही. आणि वादळ दिसलं की बटण बंद करून भागत नाही, पिन बाहेर ओढायची, आणि लॅनची केबलही. विजेचा करंट सहज ३० हजार अँपिअरचा असतो, तो ढगातून इथवर आलाय, बटणातल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीचं त्याला काय. बाहेरून येणारी लाइन फायबरची असेल तर तो धोका बराच कमी, काचेतून वीज वाहत नाही, पण फायबरच्या डब्यापासून राउटर आणि राउटरपासून कॉम्प्युटर तांबंच असतं हे विसरू नये.

दुसरं म्हणजे अर्थिंग, लेखात याचा शब्द नाही!! सीपीयूच्या पत्र्याला किंवा लॅपटॉपच्या मेटलच्या बॉडीला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात ना, आम्ही कित्येक वर्षं त्याला "करंट मारतो थोडा, चालायचंच" म्हणत होतो. टेस्टर लावला तर मंद पेटतो. पॉवर सप्लायच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यातून जो अगदी थोडा करंट झिरपतो तो अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला पाहिजे, अर्थिंगच नसेल तर तो पत्र्यावर बसून राहतो, मग पत्रा सप्लायच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत असतो. म्हणजे झिणझिण्या येणं ही घराने स्वतः दिलेली तक्रार आहे की इथे अर्थिंग नाही. आणि स्पाइक गार्डचा मोठा भाग अर्थिंगवरच चालतो, जादा वीज ढकलायची कुठे, तर तिथे. तीन पिनला दोन पिनचा कन्व्हर्टर लावून जे लोक वापरतात त्यांनी तर हे दार आपल्या हातानेच बंद केलेलं असतं. आमच्याकडे वायरमनने सॉकेट उघडलं तर मधल्या वरच्या भोकामागे वायरच नव्हती, नुसतं भोक.

आता स्पाइक गार्डच्या आत काय असतं ते मी त्या रात्रीनंतर स्क्रू काढून बघितलं (पिन काढून, अर्थात). एक नाण्याएवढी चपटी निळी चकती, तिला एमओव्ही म्हणतात, झिंक ऑक्साइडची बनवलेली. साध्या २३० व्होल्टला ती गप्प बसते, व्होल्टेज एकदम उसळलं की वाहायला लागते आणि उसळी स्वतःवर घेते. पण प्रत्येक उसळीला ती थोडी थोडी झिजते. माझ्या बोर्डातली एका कडेने काळी पडून फुटलेली होती, आणि बोर्डाचा लाल दिवा तरी ऐटीत चालू! तो दिवा फक्त सप्लाय येतोय एवढंच सांगत होता. चांगल्या मालात संरक्षण शिल्लक आहे का हे सांगणारा वेगळा दिवा असतो, घेताना तो विचारावा आणि पाकिटावर किती ज्यूल लिहिलंय, म्हणजे तो किती ऊर्जा झेलू शकतो, ते बघावं, ज्यूल लिहिलेच नसतील तर तो बहुतेक नुसता एक्स्टेंशन बोर्ड आहे असं समजावं. घरातला आणखी एक जुना बोर्ड उघडला, त्यावर ठळक "स्पाइक" लिहिलेलं आणि आत बटण, दिवा आणि वायरी, बाकी काही नाही. हसावं की रडावं.

आणि या चकतीकडून भलत्या अपेक्षाही नकोत. ती मायक्रोसेकंदांच्या उसळीसाठी आहे. संध्याकाळभर व्होल्टेज २७० आलं तर ती ढिम्म हलणार नाही, आणि लाइनचा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) कुठे तुटला आणि घरात साडेतीनशे-चारशेच्या जवळ यायला लागलं तर ती काही सेकंदांत तापून जळते, म्हणून आत थर्मल फ्यूज, म्हणजे तापलं की लाइन तोडणारा फ्यूज असलेलाच बोर्ड घ्यावा. रोजच्या कमी-जास्तसाठी स्टॅबिलायझर किंवा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस (बॅटरीवर न जाताही व्होल्टेज सावरणारा), ते वेगळं काम आहे, लेखात दोन्हीची खिचडी झालीय.

यूपीएसवरून आठवलं. प्रिंटर एकाच बोर्डावर घ्या असं मी वर म्हणाले म्हणून कोणी लेझर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीच्या सॉकेटवर लावू नका हं. त्याच्या आत कागदावर पावडर वितळवून चिकटवणारा हीटर असतो, तो चालू झाला की एका दमात कितीतरी शे वॅट ओढतो, आणि ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅटच देतो. प्रिंट दिली की यूपीएस किंचाळतो आणि कॉम्प्युटरसकट सगळं बंद, मी एकदा चाळीस पानं अशी घालवलीयत. बऱ्याच यूपीएसला मागे दोन प्रकारची सॉकेट असतात, बॅटरीची आणि नुसत्या सर्जची (म्हणजे फक्त उसळी अडवणारी), प्रिंटर दुसऱ्यात लावायचा. तशी सोय नसेल तर यूपीएस आणि प्रिंटर निदान एकाच भिंतीच्या शेजारशेजारच्या सॉकेटवर तरी घ्या, म्हणजे अर्थिंग एकच राहते. बॅटरीवर कॉम्प्युटर, मॉनिटर, राउटर आणि बाहेरची हार्ड डिस्क एवढंच. हार्ड डिस्क मात्र नक्की, फाइल कॉपी होताना लाइट गेली की अर्धी फाइल कुठे जाते ते ज्याचं गेलंय त्यालाच माहीत.

इंकजेटवाल्यांसाठी एकच. रात्री बोर्डाचं मेन बटण बंद करून झोपायची सवय चांगली, पण आधी प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा आणि ती घरघर थांबेपर्यंत थांबा. तेव्हा तो शाईचं हेड कोपऱ्यात नेऊन त्यावर टोपण बसवत असतो. मधेच वीज तोडली की हेड उघडं राहतं, शाई सुकते, आणि मग आपण प्रिंटरला शिव्या देतो.

तर विनंती एवढीच की लेख ऑनलाइन असेल तर त्यात अर्थिंगच्या दोन ओळी घाला, आणि चित्रकारांना सांगून ती प्रिंटरची वायर पलीकडच्या भिंतीवरून खोडून अलीकडे आणा. आणि तो राउटरही काढा कुठेतरी, टेबलाखाली का असेना.

आपली एक रोजची वाचक