संधिवाताच्या रुग्णाच्या मनाचीही तपासणी व्हावी

मा. संपादक,
स. न.

१० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो आणि १२ ऑक्टोबरला जागतिक संधिवात दिन. दोन्हींवर लेख येतात, पण हे दोन्ही त्रास एकाच बाईला एकाच वेळी होतात, हे क्वचितच वाचायला मिळतं.

मी ब्लाउज शिवते. रुमॅटॉइड संधिवात जडला तेव्हा सकाळी तास-दीड तास बोटं वळायची नाहीत. हूक लावायला घेतला की सुई चिमटीतून गळायची. लग्नसराईत नेहमीच्या गिऱ्हाइकांना परत पाठवावं लागलं. हळूहळू झोप उडाली, मशीनवरचं कव्हरसुद्धा काढावंसं वाटेना. ‘इतकं मनाला लावून घेऊ नकोस,’ असं जो तो सांगे. दवाखान्यात ईएसआर, सीआरपी या सूज किती आहे ते सांगणाऱ्या रक्ततपासण्या आणि लिव्हरची तपासणी अगदी वेळेवर व्हायची. ‘झोप लागते का, कशात जीव रमतो का,’ हे मात्र तिथे कुणी विचारलं नाही. विचारलं ते आमच्या गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांनी. त्यांनीच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, म्हणून आज पुन्हा मशीनवर बसते आहे.

हे नुसतं मनाला लावून घेणं नव्हे. या आजारात सूज वाढवणारी टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ यांसारखी द्रव्यं मेंदूवरही परिणाम करतात. २०१३ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात सुमारे १७ टक्के रुग्णांना तीव्र नैराश्य आढळलं होतं. शिवाय आजाराचा जोर ठरवताना ‘तुम्हाला कितपत त्रास वाटतो’ याचा रुग्णाने दिलेला आकडाही बऱ्याचदा धरतात. मन खचलेलं असलं की तो आकडा चढतो. मग सांध्यांची औषधं वाढू शकतात आणि नैराश्य तसंच राहतं.

ब्रिटनमध्ये या रुग्णांच्या वार्षिक तपासणीत नैराश्यही पाहावं, अशी मार्गदर्शक सूचना आहे. आपल्याकडे ओपीडीत गर्दी असते, मान्य. पण गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, नेहमीच्या गोष्टींत रस उरला आहे का, हे दोन प्रश्न विचारायला एक मिनिट पुरतं. केसपेपरवर वजन, बीपी लिहितात तिथेच ही उत्तरंही लिहावीत, अशी सर्व संधिवाततज्ज्ञांना कळकळीची विनंती.

पत्र छापलंत तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही ठळक छापावा. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं.

आपली,
एक वाचक, सांगली