यवतेश्वर घाटातल्या त्या तिघांचे आभार

रविवारी कासला जाताना यवतेश्वर घाटात माझ्या सायकलचा मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) वाकून स्पोकला घासू लागला. तिथे थांबलेल्या दोन सायकलस्वार दादांचे आणि दुधाच्या गाडीवरच्या काकांचे मनापासून आभार! दादांनी आधी हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, पाहिला. अॅल्युमिनियमचा हा तुकडा मुद्दाम मऊ ठेवतात. मार बसला की तो वाकतो, फ्रेम वाचते. हलक्या हाताने तो सरळ करून त्यांनी डिरेलरवरचा ‘एल’ स्क्रू जरासा आवळला, म्हणजे चेन सगळ्यात मोठ्या गिअरपलीकडे स्पोकमध्ये जाऊ नये. तशी गेली असती तर मागचं चाक जागीच अडकलं असतं, आणि घाटात ते फार वाईट. काकांनी पक्कड दिली, पाणीही पाजलं. तिघेही नाव न सांगता गेले. साताऱ्यात नवा हँगर बसवलाय. कोणी ओळखत असाल तर त्यांना नक्की कळवा.