पुण्याला येण्याआधी, आई-बाबांसाठी

प्रिय आई-बाबा,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

पावसाळ्याआधी तुम्हा दोघांना पुण्याला आणायचे आम्ही ठरवले आहे आणि आमच्याच इमारतीत तळमजल्यावरची जागा भाड्याने घेतलीही आहे. आधी विचारले असते, तर बाबा 'बघू' म्हणाले असते आणि त्या 'बघू'त हाही पावसाळा निघून गेला असता. बाबा, तुमच्या गुडघ्यांविषयी डॉक्टर काय म्हणाले, ते तुम्ही ऐकलेच आहे. निसरडे अंगण, उंच पायऱ्या आणि रात्री-अपरात्री आईने एकटीने तुम्हाला उठवून बसवणे हे आता तिच्याही कमरेला झेपणारे नाही. इथे न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली आहे, आणि पूर्वेच्या खिडकीपाशी तुमची आरामखुर्ची मावते, म्हणजे सकाळी पवित्र शास्त्र वाचायला दिवा लावावा लागणार नाही.

पण बाबा, नगरच्या मंडळीत सगळे नावाने ओळखतात, पुण्यात मला कोण ओळखणार, आणि आताशा देवाला तरी माझी आठवण आहे की नाही कोण जाणे, असे जे तुम्ही फोनवर म्हणालात, ते मला तुमच्या दुखण्यापेक्षा जास्त लागले. संडे स्कूलमध्ये चिमण्यांचा हिशोब तुम्हीच आम्हाला घातला होता. मत्तयाच्या शुभवर्तमानात एका दमडीला दोन चिमण्या मिळतात आणि लूकच्या शुभवर्तमानात दोन दमड्यांना पाच. मग पाचवी कुठून आली, असे विचारून तुम्ही मिशीत हसत थांबला होता, आणि ती वर फुकट टाकलेली, हे सर्वांत आधी मी ओळखले म्हणून मला खडीसाखर मिळाली होती. विकणाऱ्याने जिची किंमतच धरली नाही, तिचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभू म्हणतो. ज्यांना चालता येते, उपासनेत पेटी वाजवता येते, त्यांचीच तेवढी तो आठवण ठेवतो, असे त्या वचनात कुठेही नाही. रिकाम्या कबरेपाशी मग्दालीया मरीयेला तर रडताना समोर कोण उभा आहे हेही कळले नव्हते. तिने पुन्हा उठलेल्या प्रभूलाच माळी समजले, आणि त्याने 'मरीये' अशी हाक मारली तेव्हा तिने त्याला ओळखले. ओळखण्याचे काम आधी त्याच्याकडून झाले होते.

प्रार्थना करूनही दुखणे जात नाही, ही तुमची तक्रार मी हसण्यावारी नेत नाही. देवाची प्रीती म्हणजे दुखण्यातून सूट, असे सांगणारे प्रचारक मला मुळीच आवडत नाहीत. देवाच्या पुत्राने माझ्यावर प्रीती केली आणि स्वतःला माझ्याकरता दिले, असे गलतीकरांना लिहिणाऱ्या प्रेषित पौलानेच आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली होती. काटा निघाला नाही. 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढेच उत्तर मिळाले. उत्तर हवे तसे नव्हते, पण ते त्याचे एकट्याचे होते, आणि मला वाटते तुमच्यासाठीही असे काही असणार, जे मला इथून ऐकू येणार नाही.

आई, तू मात्र माझ्यासाठी रडून प्रार्थना करणे थांबवू नकोस. चौथ्या शतकात आफ्रिकेत जन्मलेल्या ऑगस्टीनची आई मोनिका मुलासाठी वर्षानुवर्षे रडली. देव प्रत्येकाची काळजी जणू तो एकटाच असल्यासारखी घेतो, असे त्याने लिहिले ते तिच्याच आसवांची आठवण काढताना. मी अजूनही तुझ्या पदराला धरूनच प्रार्थना करते, हे माझ्या मुलांना सांगू नकोस.

म्हातारा झालास म्हणजे दुसरा तुझी कंबर बांधून तुला नको तिथे नेईल, असे प्रभू पेत्राला म्हणाला होता. ते वचन त्याच्या मरणाविषयी होते, हे मला ठाऊक आहे, बाबा, त्यामुळे माझी चूक काढायला फोन करू नका. तुम्हाला मी फक्त पुण्याला नेते आहे आणि तेही गाडीत पुढच्या सीटवर बसवून. इथल्या पाळकांशी बोलून ठेवले आहे. तुम्हाला चर्चचा जिना चढावा लागू नये म्हणून ते प्रभुभोजन घरी घेऊन येतील. नगरचे घर विकणार नाही, किल्ली तुमच्याकडेच राहील, आणि नाताळाला आपण सगळे तिथेच जाऊ.

आता ऐका. गुडघ्याची गोळी जेवणानंतरच घ्यायची, उपाशीपोटी नाही. मोठ्या टाइपाचे शास्त्र आणि गीतपुस्तक खोक्यात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा. आई, पाटा-वरवंटा आणायचा नाही. लोणच्याची एकच बरणी आण, आणि ती बाबांना उचलू देऊ नकोस.

तुमची,
छकुली