पाझर तलावावरून परतताना

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीत गावाहून निघताना बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि चपला खाली काढून ते पाझर तलावाच्या भरावावर चढले. मी गाडीतच बसून राहिले, फोन बघत. ते मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

तुम्ही ‘बहात्तर साली’ म्हणालात की आम्ही भावंडं उठून जायचो. ताटात भाकरीचा तुकडा उरला की ती गोष्ट यायचीच. अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, कामावर मिळणारी सुकडी. आई, तू १२ वर्षांची, आजीशेजारी बसून खडी फोडायचीस आणि सुकडी फडक्यात बांधून धाकट्या मामासाठी घरी आणायचीस. मला वाटायचं, हे सगळं आम्हाला टोचायला सांगता.

परवा वाचलं, मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यातली दोन माझी. मग तुमचं सगळं बोलणं पुन्हा आठवत बसले. बाबा, उपाशी झोपल्याचं तुम्ही क्वचितच बोललात. सांगायचात ते त्या तलावाच्या कामावर टिकाव मारणाऱ्या म्हाताऱ्याचं. तुम्ही १५ वर्षांचे, ओझं झेपावं म्हणून तो तुमची पाटी अर्धीच भरायचा. संध्याकाळी खड्ड्याचं माप कमी भरायचं, त्याचीही मजुरी कापली जायची. तरी दुसऱ्या दिवशी पाटी अर्धीच.

दिवेलागणीला विठ्ठलापाठोपाठ तुम्ही हळूच एक नाव घेता. लहानपणी मला ते कुठल्यातरी संताचं वाटायचं. ते त्याचं आहे, हे मला चाळिशीत कळावं!

त्या भरावामागं साठलेलं पाणी झिरपत खाली आपल्या विहिरीला लागलं. विहिरीवर कांदा पिकला, कांद्यावर माझं कॉलेज झालं. मी हे सगळं माझ्या हुशारीच्या खात्यावर मांडत आले. आता सकाळी नळ सोडला की हात क्षणभर थांबतो. देवपूजा मला कधी जमली नाही, पण त्या क्षणी मन आपोआप वाकतं.

काल तांदूळ निवडताना लेकीला सुकडीची गोष्ट सांगितली. ती अर्ध्यातूनच उठून गेली. मी पुन्हा सांगेन.

माघात येते. आई, तू खडी फोडलीस तो रस्ता दाखव. बाबा, मला भरावावर सोबत न्या. आणि त्या आजोबांचं पूर्ण नाव, गाव, त्यांच्या घरी आता कोण आहे, सगळं सांगा. मला तिथं जायचंय.

तुमची लेक