मंद्र सप्तकाचं टिंब

गावभाग, सांगली
जुलैचा पहिला रविवार

प्रिय बंड्या,

स. न. वि. वि. लिहायला घेतलं आणि हसू आलं. तुला कसला सप्रेम नमस्कार लेका! नानांच्या जुन्या कॉम्प्युटरबद्दल "तो डबा भंगारात घाल आणि नानांना लॅपटॉप घेऊन दे" हा तुझा सल्ला मी नानांना जसाच्या तसा वाचून दाखवला. ते एवढंच म्हणाले, "त्याला म्हणावं, आधी तुझा पुण्यातला फ्लॅट विक, मग बोलू." तेव्हा डबा आहे तिथंच आहे, आणि काल रात्री त्यातून झकास छापून निघालं. फोनवर सांगितलं असतं, पण तू "हं हं" म्हणत भलतंच बघत बसतोस, म्हणून लिहितोय.

डबा का टाकता येत नाही, ते तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. नानांनी वीस वर्षं शिकवण्यांसाठी केलेलं सगळं स्वरलेखन त्यात आहे. ज्या मराठी सॉफ्टवेअरात ते टाइप केलं, त्याचा फॉन्ट युनिकोडच्या (सगळीकडे चालणाऱ्या आजच्या अक्षर-संकेताच्या) आधीच्या चालीचा, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की एबीसीडीची नुसती खिचडी. साधा मजकूर असता तर कन्व्हर्टरमधून काढला असता, पण इथं भातखंडे पद्धतीच्या खुणा: मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वराला खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकातल्याला वर, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. कन्व्हर्टरनं त्यांची पार वाट लावली. वर सॉफ्टवेअरचं कुलूप, म्हणजे ते डोंगल, मागच्या 25 पिनांच्या पॅरलल पोर्टात खोचलेलं. आता कुठल्या लॅपटॉपला तसलं पोर्ट असतं? सॉफ्टवेअरवाले तर फोनच उचलत नाहीत. थोडक्यात काय, विंडोज एक्सपी सोडायची सोय नाही. तिचा कंपनीकडचा सपोर्ट एप्रिल 2014 मध्येच संपला, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तर त्या मशीनला इंटरनेटची वायर मी लावूच देत नाही.

जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता तोवर प्रश्न नव्हता. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा नानांनी आधी पेटी माडीवर नेली, मग कॉम्प्युटर. प्रिंटर खालीच राहिला. पाणी ओसरल्यावर त्याच्यातून निघालेला चिखल आईनं तुळशीला घातला. तेव्हापासून नाना स्क्रीनवर बघून हातानं उतरवायचे आणि झेरॉक्स काढायचे. पीडीएफ करून पेनड्राइव्हवर नेता येतं, हे तू सांगायच्या आधी मीच केलं होतं. पण एक मात्रा बदलली की परत पेनड्राइव्ह, परत माझी वाट बघणं. "मी काय तुझा कारकून आहे?" असं म्हणाले. खरं तर कारकून मीच झालो होतो.

पहिल्यांदा भाच्याचा स्वस्तातला लेझर प्रिंटर आणून बघितला. दोन रविवार गेले. मग कळलं, प्रिंटरच्या दोन जाती असतात. एकाला पानाचं वर्णन करणारी भाषा कळते; पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट या त्यातल्या दोन, दोन्ही 1984 च्या. "अमुक फॉन्टात, अमुक जागी, अमुक अक्षर" एवढं सांगितलं की पान तो स्वतः रचतो. दुसऱ्याला भाषाच नाही. पानाचा ठिपका न ठिपका कॉम्प्युटरनं मांडून द्यायचा, आणि तोही कंपनीच्या खाजगी खुणांमध्ये. दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. तो कंपनीनं एक्सपीसाठी लिहिलाच नसेल, तर या दुसऱ्या जातीपुढे हात टेकायचे. भाच्याचा त्यातलाच निघाला.

मग कुपवाडला एमआयडीसीतलं एक ऑफिस बंद झालं, तिथला नेटवर्कचा लेझर प्रिंटर अडीच हजारांत उचलला. सीडी घातली तर विंडोज 7 च्या खाली बोलायलाच तयार नाही. पण या वेळी मी शहाणा होतो. प्रिंटरच्याच मेनूतून कॉन्फिगरेशनचं पान काढलं, त्यात ओळ सापडली: पीसीएल 5ई. ही भाषा 1992 च्या एचपी लेझरजेट 4 बरोबर आली, आणि लेझरजेट 4 चा ड्रायव्हर एक्सपीच्या पोटातच असतो. म्हणजे खोक्यावर 'चालणार नाही' लिहिलंय ते खोक्यापुरतं. आत दोघं एकच भाषा बोलतात, फक्त कुणी ओळख करून दिलेली नाही.

कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यात सरळ एक नेटवर्कची वायर टाकली, मध्ये राउटर नाही. जोडणी झाल्याचा दिवा लागेना. विश्रामबागेतला दुकानदार पोरगा बघताक्षणी म्हणाला, "काका, जुनं कार्ड आहे, क्रॉस केबल लागेल." एका टोकाला 1 ची 3 वर, 2 ची 6 वर, अशा तारा फिरवून त्यानं क्रिंप करून दिली. चाळीस रुपये. घरी येऊन लावली, दिवा लागला. एकाला 192.168.1.10, दुसऱ्याला 192.168.1.20 असा पत्ता दिला, विंडोजच्या 'ॲड प्रिंटर'मध्ये नेटवर्कवरून छापायचं पोर्ट (स्टँडर्ड टीसीपी/आयपी, रॉ, 9100) निवडलं, आणि ड्रायव्हरच्या यादीतून लेझरजेट 4. टेस्ट पेज सोडलं.

प्रिंटर गुरगुरला आणि थांबला. पट्टीवर 'लोड लेटर'. नानांनी चष्मा वर करून वाचलं, "पत्र घाल म्हणतोय. कुणाचं?" हसून माझी पुरेवाट! लेटर हे अमेरिकी कागदाचं माप, 216 बाय 279 मिलिमीटर. ड्रायव्हर तेच धरून बसला होता, आणि ट्रेमध्ये ए4. सेटिंग बदललं, पान आलं.

पण नानांची चीज, म्हणजे बंदिश, छापली तर टिंबं गायब. मंद्र निषाद थेट मध्य सप्तकात! नाना पेटीवर तसंच वाजवून दाखवायला लागले, मुद्दाम, मला टोचायला. ड्रायव्हरच्या ॲडव्हान्स्डमध्ये ट्रूटाइप फॉन्ट ग्राफिक्स म्हणून छापायचा पर्याय असतो, तो चालू केला. आता अक्षरं फॉन्ट म्हणून न जाता चित्र म्हणून जातात. पान जरा सावकाश येतं, पण टिंबं जागेवर.

एक सोडून. दुसऱ्या अंतऱ्यात एक टिंब तरीही येईना. अर्धा तास मी ड्रायव्हरशी झटापट केली. शेवटी नाना स्क्रीनला नाक लावून बघत हळूच म्हणाले, "अरे, ते मीच टाकलं नव्हतं." इतकी वर्षं पोरं तो स्वर वरच्या सप्तकात घेत होती, आणि नाना त्यांना ओरडत होते.

गुरुपौर्णिमेसाठी वीस वह्या छापायच्या आहेत. येणार असलास तर ए4 चा एक गठ्ठा घेऊन ये. ए4, लक्षात ठेव.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
गावभागातला कारकून