झाडाला आळं सोडा, मगच ब्लॉक बसवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या कोथरूडच्या गल्लीत नवीन फुटपाथ झाला, चांगलंच झालं, चालायला जागा हवीच होती. पण ठेकेदाराच्या माणसांनी जुन्या कडुनिंबाच्या बुंध्याला अगदी चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवले आणि उरलेल्या फटीत सिमेंट ओतलं, वाकून बघितलं तर बोटभरसुद्धा माती उघडी नाही. आता पाणी मुरणार कुठून, मुळांना हवा मिळणार कशी? झाड काही वर्षं वरून हिरवं दिसतं, खाली मुळं कुजत जातात, मग वळवाच्या पावसात ते एखाद्या गाडीवर पडतं आणि सगळे म्हणतात झाडच धोकादायक होतं.

झाडं जपण्याच्या कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली, त्यानंतर आपल्या राज्यात एखादं झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात, 50 वर्षांपुढचं असेल तर तो वारसा वृक्ष. कायदा चांगला आहे, पण झाड गुदमरवून मारायला परवानगीचा अर्जच करावा लागत नाही, मग रोपं कोण लावणार?

दुपारी एक वाजता बसस्टॉपवर जाऊन बघा, स्टीलचा बाक तव्यासारखा तापलेला असतो, म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन लांब झाडाखाली उभ्या राहतात आणि बस दिसली की धावत सुटतात!! शहर माणसांसाठी असेल तर सावली ही सोय धरलीच पाहिजे ना, दिव्याच्या खांबासारखी.

आणि पाण्याचं काय? 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला, त्या पावसात शहर आणि आसपास मिळून 20 हून जास्त माणसं गेली. त्या रात्री पाऊस प्रचंड होता, ओढ्यावर अतिक्रमणंही होती, सगळा दोष ब्लॉकचा नाही हे मान्य, पण जमीन अशीच झाकत गेलो तर प्रत्येक पावसाचं सगळं पाणी ओढ्यातच जाणार.

राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच दिल्लीत झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, आपण कशाची वाट बघतोय? फुटपाथच्या टेंडरमध्येच एक मीटर आळं लिहा, काम चालू असताना उद्यान खात्याचा माणूस तिथे उभा करा, आणि आळं टेप लावून मोजल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढू नका. जिथे आधीच सिमेंट ओतलंय तिथे पावसाळ्याआधी ते हाताने फोडा, ब्रेकर लावला तर मुळं तुटतील.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड, पुणे