कारवीचे चार रोल : एक तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
फिल्म प्रोसेसिंग विभाग

दिनांक : 18 नोव्हेंबर 2024

विषय : स्लाइड फिल्मचे चार रोल सदोष धुऊन दिल्याबद्दल तक्रार, तसेच दुरुस्ती व भरपाईची मागणी

महोदय,

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी आपल्या काउंटरवर एक्टाक्रोम ई-100 या कोडॅकच्या स्लाइड फिल्मचे 36 फ्रेमचे चार रोल ई-6 प्रक्रियेसाठी, म्हणजे स्लाइड फिल्म धुण्याच्या ठरलेल्या पद्धतीसाठी, स्वतः आणून दिले. रोलमागे 850 प्रमाणे 3,400 रुपये आगाऊ भरले. पावतीची प्रत सोबत आहे. आठ दिवस सांगितले होते, रोल मिळाले चौतिसाव्या दिवशी. उशिराबद्दल माझे काही म्हणणे नाही. स्लाइडचे रोल हल्ली फारसे कोणी टाकत नाही, पुरेसे साठेपर्यंत लॅब थांबते, हे मला ठाऊक आहे आणि मान्यही आहे. माझी तक्रार पाकिटातून जे निघाले त्याबद्दल आहे.

त्या रोलांवर काय होते ते आधी सांगतो, कारण काउंटरवरच्या मुलाचे "पुन्हा काढा ना काका" हे उत्तर अजून टोचते आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात यंदा कारवी फुलली. कारवी हे डोंगरउतारावरचे झुडूप; ती सात वर्षे नुसती वाढते, आठव्या वर्षी सगळा उतार एकदम फुलतो, मग झाडे बी धरतात आणि मरतात. याआधी ती 2016 मध्ये फुलली होती. तेव्हाही मी त्याच उतारावर होतो, त्या वेळी कॅमेऱ्यात प्रोव्हिया 100एफ ही स्लाइड फिल्म होती आणि ते रोल आपणच धुऊन दिले होते. आजही त्या स्लाइड लाइटबॉक्सवर ठेवल्या की डोळा निवतो. पुन्हा काढायचे म्हणजे 2032. तेव्हा मी 76 वर्षांचा असेन. मी डोंगर चढेन की नाही हा प्रश्न राहू द्या. तोवर आपल्या टाकीत काय असेल, याची मला जास्त धास्ती आहे.

आता रोलांकडे वळतो. क्रमांक मी कॅसेटवर मार्करने लिहिले होते, तेच इथे वापरतो.

एक आणि दोन क्रमांकाचे रोल मळकट आले आहेत. अंधारे म्हणवत नाही, कारण आकाश बऱ्यापैकी उजळ आहे. पण सगळ्या रंगांवर राख पसरल्यासारखी दिसते. पानांचा हिरवा शेवाळी झाला आहे. प्रोजेक्टरवर लावली तर भिंतीवर पावसाळी संध्याकाळ पडते, आणि मी तर भर सकाळी फोटो काढले होते. सुरुवातीला मला वाटले, आपल्याच हातून एक्स्पोजर कमी पडले असेल. म्हणून एक पट्टी स्कॅनरमध्ये घालून नुसता इन्फ्रारेड चॅनेल (डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशातले स्कॅन) पाहिला. आपल्याला सांगायला नको, पण हे पत्र आपल्याकडे आणखी कोणी वाचणार असेल तर त्यांच्यासाठी लिहितो : ई-6 फिल्म नीट धुतली असेल तर तिच्यात शेवटी फक्त रंगद्रव्य उरते, आणि ते इन्फ्रारेडला जवळपास पारदर्शक असते. त्यामुळे त्या चॅनेलमध्ये कोरी पांढरी चौकट दिसायला हवी, फार तर धुळीचे कण. फिल्मवर आधी चित्र उमटते ते चांदीचे, आणि ती चांदी मात्र इन्फ्रारेड अडवते. मला तिथे अख्खा कारवीचा उतार दिसला, काळ्यापांढऱ्या भुतासारखा. म्हणजे ब्लीचने चांदी पुरती सोडवली नाही आणि फिक्सरला ती काढता आली नाही. ब्लीच जुने झाले, पातळ झाले, की टाकीत हवेचे बुडबुडे सोडणारा पंप बंद होता, ते आपण शोधावे. हे दोन रोल वाचवता येतात. त्याबद्दल पुढे लिहितो.

तिसरा रोल नेमका उलट, फिकट आला आहे. ढग कोरे आहेत, आणि जिथे जंगलाची दाट सावली होती तिथे पातळ तपकिरी पाणी दिसते आहे. मी त्याच दिवशी, त्याच लाइट मीटरने, त्याच कॅमेऱ्यात हा रोल काढला. पण माझ्या शब्दावर विसंबू नका, फिल्मचा काठ बघा. दोन फ्रेममधली पट्टी आणि भोकांभोवतीचा भाग कॅमेऱ्यात कधी उजेड पाहत नाही. स्लाइड फिल्ममध्ये जिथे उजेड पडत नाही तिथे काळे येते, म्हणून कारखान्यात छापलेली अक्षरे आणि आकडे सोडले तर तो काळाकुट्ट यायला हवा. तिथे माझे एक्स्पोजर चुकूच शकत नाही, कारण तिथे मी एक्स्पोजर दिलेलेच नाही. तिसऱ्या रोलचा तो काठ वर्तमानपत्रावर ठेवला तर त्यातून मथळा वाचता येतो. पहिला डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारे पहिले द्रावण, 38 अंशांवर सहा मिनिटे चालतो आणि तिथे तापमान 0.3 अंशापेक्षा जास्त हलू द्यायचे नसते. फिल्म त्यात जास्त वेळ राहिली किंवा पाणी जास्त तापले, तर असेच होते. हा रोल गेला. त्यावर इलाज नाही.

चौथ्या रोलचे रंग बरे आहेत, म्हणून त्याचा राग सर्वांत जास्त. त्यावर लांबीच्या दिशेने दोन समांतर चरे आहेत. आपल्या तंत्रज्ञांनी फोनवर लगेच "कॅमेऱ्यात वाळूचा कण असेल" असे सांगितले. असू शकला असता. पण चरे फिल्मच्या अगदी शेवटपर्यंत, स्पूलला चिकटवलेल्या टोकापर्यंत गेले आहेत. तो शेवटचा तुकडा कॅसेटच्या तोंडातून बाहेरच येत नाही. माझ्या कॅमेऱ्यातल्या, फिल्म सपाट धरणाऱ्या दाबपट्टीला तो कधी शिवलेला नाही, तर कॅमेरा त्याला ओरखडणार कसा? शिवाय या रोलच्या पाकिटावर मी लाल अक्षरांत "कापू नये, अख्खा द्यावा" असे लिहिले होते. तो सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्यांत कापून आला. पहाटेच्या अंधाऱ्या जंगलातल्या फ्रेम होत्या. स्लाइडमध्ये दोन फ्रेममधली जागाही काळीच असते, त्यामुळे कापणाऱ्याला ती सापडली नाही आणि त्याने अंदाजाने कात्री चालवली. तीन ठिकाणी चित्राच्या मधून. लिहिले होते ते वाचले असते तर हे टळले असते, यासाठी ना केमिकल लागते ना यंत्र.

मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा आपले तंत्रज्ञ सौजन्याने बोलले, हे नमूद करतो. पण कारणे दर वेळी नवी. पहिले, "फिल्म एक्स्पायर झाली असेल". चारही डब्यांवर मुदत 2026 ची आहे आणि मी रोल फ्रीजमध्ये ठेवतो. दुसरे, "विमानतळाच्या एक्स-रेमधून गेली असेल". रोल बोरिवलीहून आपल्यापर्यंत रेल्वेने आले, माझ्या खांद्यावरच्या शबनममध्ये. तिसरे कारण मात्र विचार करण्यासारखे होते : "जांभळी फुलं फिल्मवर नेहमीच बिघडतात सर." हे खरे आहे. पुष्कळ निळ्याजांभळ्या फुलांवरून डोळ्याला जवळपास न दिसणारा गडद तांबडा प्रकाशही परततो. डोळा तो सोडून देतो, पण फिल्म टिपते, आणि फूल गुलाबीकडे झुकते. माझ्या 2016 च्या स्लाइडमध्येही कारवी जरा गुलाबीच आहे आणि त्याबद्दल मी तेव्हा अवाक्षर काढले नव्हते. पण कान्हेरीचा काळा खडक जांभळा नाही ना? तोही राखेत माखून आला आहे.

चौथे उत्तर ऐकून मी फोन ठेवला : "स्कॅन पाठवा, आम्ही फोटोशॉपमध्ये करेक्ट करून देतो." साहेब, निगेटिव्हचे ठीक आहे. तिथे प्रिंट काढताना थोडे इकडेतिकडे करता येते. स्लाइडमध्ये टाकीतून जे बाहेर आले तेच चित्र. मी ते पांढऱ्या भिंतीवर मोठे करून आमच्या सोसायटीतल्या मुलांना दाखवतो. भिंतीवर फोटोशॉप चालत नाही.

दोष माझा की आपला, हे ठरवायला आणखी एक पुरावा माझ्याकडे आहे. मी एकूण पाच रोल काढले होते, सगळे एकाच बॅचचे. पाचवा उशिरा संपला, म्हणून तो ठाण्याच्या एका मित्राकडे दिला. तो घरी तीन बाथच्या (द्रावणांच्या) किटमध्ये धुतो. जागा न्हाणीघर, पाणी गरम ठेवायला बादली आणि स्वयंपाकातले तापमान धरणारे एक विजेचे यंत्र, टाकी हाताने फिरवायची. त्या रोलचा काठ काळाभोर आला, पाने हिरवी आली, आणि इन्फ्रारेड चॅनेल कोरा. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून काढलेला फोटो जोडत आहे. त्यांत न्हाणीघरातली कोणती आणि लॅबमधली कोणती, ते मी मुद्दाम लिहिलेले नाही.

बिघाड कशामुळे होतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले कळते. टाकी आणि रिप्लेनिशरची पद्धत रोज भरपूर रोल येत होते त्या दिवसांसाठी होती. रोल जात राहिले की नवे द्रावण पडत राहते, म्हणून टाकी जिवंत राहते. महिनाभर रोलच गेला नाही की डेव्हलपर नुसता उभा राहून हवेने मरतो. त्यात मग साठलेले सगळे रोल एका दिवशी ओतले जातात. पूर्वी आपल्याकडे रोज सकाळी कंट्रोल स्ट्रिप (द्रावणे ठीक आहेत का ते पाहायची चाचणीपट्टी) जायची, तिचा काळेपणा मोजणाऱ्या डेन्सिटोमीटरचे आकडे तक्त्यावर चढायचे आणि तो तक्ता काउंटरमागे टांगलेला असायचा. या वेळी मी गेलो तेव्हा त्या खिळ्यावर दिनदर्शिका होती. माझे रोल धुण्याआधी स्ट्रिप धुतली होती का? धुतली असेल तर त्या दिवसाचे आकडे मला लेखी हवेत.

इतके कमी रोल येत असतील तर मोठी टाकी बंद करा. छोट्या फिरत्या ड्रममध्ये दर खेपेला ताजे द्रावण घ्या आणि वापरून टाकून द्या. खर्च वाढेल, तर वाढवा. 850 ऐवजी 1,500 घ्या. 2012 मध्ये कोडॅकने एक्टाक्रोम बंद केली तेव्हा आम्ही आशा सोडली होती, 2018 मध्ये ती परत आली. एका रोलला दोन हजारांच्या वर मोजणारा माणूस धुलाईच्या साडेसहाशे रुपयांसाठी पळून जाणार नाही. आणि ते जमत नसेल तर तसे सांगा. अमेरिकेत कान्सास राज्यातल्या पार्सन्स गावी ड्वेन्स फोटो ही कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म, धुणारी जगातली शेवटची लॅब होती. 30 डिसेंबर 2010 पर्यंतच रोल घेऊ, असे त्यांनी आधी जाहीर केले. लोकांना कळले, ज्याला पाठवायचे त्याने पाठवले. बंद झाल्याचे दुःख झाले, फसवणूक झाली नाही. आपण मात्र पाटीवर "ई-6" ठेवून आत काय करता ते सांगत नाही.

माझ्या मागण्या अशा. रोल एक आणि दोन ताज्या ब्लीच आणि फिक्सरमधून विनामूल्य पुन्हा काढून, नीट पाण्याने धुऊन, शेवटचा रिन्स देऊन द्यावेत. उरलेली चांदी त्याने निघते आणि रंग मोकळे होतात. हे काम उजेडातही करता येते. ते नीट झाले तर या दोन रोलांबद्दल मी एक पैसाही मागणार नाही. रोल तीन आणि चारच्या धुलाईचे 1,700 रुपये परत करावेत आणि एक्टाक्रोमचे दोन नवे रोल द्यावेत. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत "रोल खराब झाल्यास नवा रोल देण्यापुरतीच जबाबदारी" असे आपणच छापले आहे. मी त्यापलीकडे मागत नाही. कारवीची किंमत मी लावलेली नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे जाईन. त्या कायद्याप्रमाणे मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. माझी तिकडे जाण्याची हौस नाही. चार दशके आपल्याकडे रोल टाकले आहेत, आणि आपली टाकी बंद पडली तर मला पुढचा पत्ता शोधावा लागेल, हे मलाही कळते.

रोल मात्र मी ठेवून जाणार नाही. ब्लीच ताजे केले की दिवस आणि वेळ कळवा, मी स्वतः घेऊन येईन. आधी पहिल्या रोलची एकच पट्टी टाका, तीही फ्रेम 31 ते 36 ची. तिच्यात फक्त मुलाच्या गाडीचे फोटो आहेत. ती नीट निघाली तर बाकीच्या देईन.

कळावे,

आपला एक जुना ग्राहक
(नाव व पत्ता पावतीप्रमाणे)

सोबत : पावतीची प्रत, इन्फ्रारेड स्कॅनचा प्रिंट, दोन पट्ट्यांचा तुलनात्मक फोटो, रोल क्रमांक 4 च्या शेवटच्या टोकाचा मोठा केलेला फोटो.